इंजिन मागे नेणं सोपं, मागचं चाक सरळ ठेवणं अवघड

तुमच्याकडे अपघातात गेलेली फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक आहे, वेल्डिंग येतं, आणि तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे बसवून दोन सीटची स्पोर्ट्स कार घरीच उभी करायची आहे. तुम्ही विचारलंय की चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळ्या किती जाडीच्या घ्यायच्या आणि बॉडी कशाची करायची. दोन्हीवर सांगतो, पण गाडी बिघडते ती या दोन ठिकाणी नाही. ती बिघडते मागच्या चाकांपाशी, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

कल्पना जुनीच आहे आणि चालते. फियाटने १९७२ साली एक्स वन-नाइन काढली ती १२८ चं आडवं इंजिन आणि गिअरबॉक्स सीटमागे सरकवून. टोयोटाची एमआर-२ (१९८४), लोटसची एलिस (१९९६) याच वाटेने आल्या. इंजिन आडवं असेल तर अख्खा संच आहे तसा मागे सरकवायचा, फिरवायचा नाही; चाकं बरोबर दिशेने फिरतात. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असेल तर मात्र भानगड. लोटस युरोपात रेनॉ १६ चा संच उलटा फिरवून बसवला, तेव्हा डिफरन्शियलचं क्राउन व्हील (त्यातलं मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला घ्यावं लागलं. नाहीतर गाडीला एक गिअर पुढे जायचा आणि चार मागे यायचे. तुमचं इंजिन आडवं आहे, त्यामुळे ही कटकट टळली.

आता मागच्या चाकांकडे येऊ. सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी छोटी चौकट), स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा खांब), हब सगळं डोनर गाडीचं, म्हणजे त्या अपघातातल्या हॅचबॅकचं, उचलून मागे लावायचं, हा तुमचा विचार ठीक आहे. पण हे सस्पेन्शन वळणाऱ्या चाकांसाठी बनलेलं आहे. स्टिअरिंग रॅक काढलात की टाय रॉडची (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या, चाक वळवणाऱ्या दांड्यांची) आतली टोकं कुठेतरी पक्की करावी लागतात, आणि बहुतेक लोक ती वेल्डिंगला सोयीच्या जागी करतात. मग चाक वरखाली झालं की टाय रॉड आणि खालचा आर्म वेगवेगळ्या कंसात फिरतात आणि चाक आपोआप वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. पुढे तो असला तर स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं जाणवतं, तुम्ही सावरून घेता. मागे तो असेल तर खड्ड्यातून जाताना गाडी स्वतःच लेन बदलते. पॉन्टिअॅक फिएरोच्या सुरुवातीच्या गाड्यांत मागे दुसऱ्या गाडीचं पुढचंच सस्पेन्शन होतं. १९८८ साली त्यांनी ते पूर्ण नव्याने केलं.

म्हणून रॅक अजून जागेवर असेल तर त्याला हात लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून, रॅकच्या आतल्या बॉल जॉइंटचं केंद्र सबफ्रेमच्या भोकांपासून तिन्ही दिशांनी मोजा आणि लिहून ठेवा. नवा ब्रॅकेट नेमक्या त्याच बिंदूवर आला पाहिजे, आणि तो जाड हवा, दोन बाजूंनी धरलेला हवा. मग स्प्रिंग काढून जॅकने चाक ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपाशी टो, म्हणजे वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलंय ते, मोजा. मधल्या ३० मिमीत एक मिमीहून जास्त फरक पडत असेल तर ब्रॅकेटखाली पत्र्याच्या चकत्या घालून-काढून तो घालवा. खालच्या आर्मचे मऊ रबर बुशही (सांध्यातल्या रबरी नळ्या) बदला. वळणावर बाहेरच्या मागच्या चाकाचा टो-आउट झाला, म्हणजे त्याची पुढची कड बाहेर वळली, की गाडी शेपूट पुढे काढते. मी मागे थोडा टो-इन (पुढची कड आत) ठेवतो आणि त्यावर तडजोड करत नाही.

याच सस्पेन्शनची आणखी एक खोड. पुढे असताना जी भूमिती ब्रेक मारताना नाक खाली जाऊ देत नाही, तीच मागे लावली की शेपूट उचलायला मदत करते. सबफ्रेम बसवताना तिचा कल थोडा बदलून हे कमी करता येतं, पण मग टो पुन्हा मोजायचा.

एवढं झाल्यावर चासी. पण नळी कापण्याआधी प्लायवूडची बैठक करा: सीट, पेडल, स्टिअरिंग, दोन्ही बाजूंना पुढची चाकं पूर्ण वळवलेल्या स्थितीत. मिड-इंजिन गाडीत माणूस पुढे सरकतो आणि पाय थेट चाकांच्या खोबणीत जातात. कागदावर सगळे मावतात, बूट घातलेला माणूस मावत नाही. व्हीलबेस त्या बैठकीवरून ठरू द्या. पेट्रोलची टाकी सीट आणि इंजिनच्या मध्ये, दोन्हीकडून पत्र्याच्या भिंती घालून. अपघातात सगळ्यात सुरक्षित जागा तीच, आणि टाकी रिकामी होत गेली तरी वजनाचा तोल फारसा हलत नाही.

नळ्यांचं उत्तर: २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडी, आणि सस्पेन्शन जिथे जोडलं जातं तिथे त्याहून जाड. जाडीपेक्षा त्रिकोण महत्त्वाचे. प्रत्येक चौकोनात कर्ण हवा, आणि दोन दारांमधला भाग व इंजिनची वरची उघडी चौकट या दोन जागा सगळ्यात कमकुवत असतात, कारण तिथे कर्ण घातला तर माणूस किंवा इंजिन आत जात नाही. इंजिनवर बोल्टने काढता येणारे कर्ण ठेवा. आधी बाल्साच्या काड्यांचं १:१० मापाचं मॉडेल करून हातात पिळून बघा. कुठली काडी कामाची आणि कुठली शोभेची ते लगेच कळतं. खरी चासी झाली की मागचा भाग पक्का बांधा, पुढचा मध्यावर टेकवा, आडवा बीम लावून केंद्रापासून २ मीटरवर ५० किलो टांगा. हा साधारण १००० न्यूटन-मीटरचा पीळ झाला. अक्षापासून १ मीटरवर ४.४ मिमी हालचाल दिसली तर पीळ पाव अंश, म्हणजे ताठरपणा अंशाला ४००० न्यूटन-मीटरच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला मला ते पुरेसं वाटतं.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज ऐकू येतो: वजन मागे, म्हणून मोठे ब्रेक मागे. हिशेब करून बघा. गाडी ८०० किलो, त्यातले ३३६ पुढे, ४६४ मागे, गुरुत्वमध्य ०.४५ मीटर उंच, व्हीलबेस २.४ मीटर. एक जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराच्या, ब्रेकिंगला ८०० × ०.४५ ÷ २.४, म्हणजे १५० किलो पुढे सरकतात. पुढे ४८६, मागे ३१४. म्हणजे ६१ टक्के भार तरीही पुढेच. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते, आणि वजन मध्यभागी एकवटलेलं असल्याने सावरायला वेळ मिळत नाही. दोन मास्टर सिलिंडर आणि बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) घाला, आणि पुढची चाकं जरा आधी लॉक होतील असं जुळवा.

कूलिंगमध्ये रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांब पाइप. इथे दुखणं पाण्याचं नसतं, अडकलेल्या हवेचं असतं. पाइपला मध्येच उंचवटा नको, रेडिएटरच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा स्क्रू हवा, आणि भरायची टाकी संपूर्ण सर्किटमध्ये सगळ्यात उंच. गाडी बंद केल्यावर इंजिनच्या खोलीत उष्णता साठते, म्हणून हवा आत घेणाऱ्या तोंडाइतकीच बाहेर जायची वाटही मोठी ठेवा.

गिअरसाठी केबलवाली डोनर गाडी असेल तर नशीब; रॉड असेल तर लीव्हर आता गिअरबॉक्सच्या पुढे येतो आणि चाल उलटी होते, तेवढं जमवावं लागेल. वायरिंग डोनरचं अख्खं ठेवा, चालू झाल्यावर मग छाटा.

बॉडी फायबरची करा. फोम आणि पुट्टीचा प्लग (बॉडीच्या आकाराचा नमुना), त्यावरून साचा, साच्यातून पॅनल. या कामाला चासीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि बरेच प्रकल्प इथेच धूळ खात पडतात. म्हणून बॉडी शेवटी. फक्त नोंदणीचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचा, कारण दिव्यांची उंची, सीटबेल्टचे बिंदू आणि बाहेर आलेल्या कडा यांचे नियम चासीच्या आखणीत शिरतात.

पहिली फेरी बॉडीशिवाय, मोकळ्या बंद आवारात, हेल्मेट आणि बेल्ट लावून. गोल फिरत हळूहळू वेग वाढवा आणि मग अॅक्सिलरेटर सोडून बघा. शेपूट निसटायला लागली तर आधी मागचा टो तपासा, मग टायरमधली हवा, आणि त्यानंतरच अँटी-रोल बारकडे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याकडे) वळा.