कॅलिफोर्नियातला तुमचा सर्वांत आवडता पक्षी कोणता आणि का?

ओक टिटमाउस.

फोटो दाखवला की लोक विचारतात, यात बघण्यासारखं काय आहे? खरंच, पहिल्या नजरेत काहीच नाही. चिमणीएवढा, आपल्याकडच्या वल्गुलीच्या (टिट पक्ष्याच्या) कुळातला पक्षी. अंग राखाडी-तपकिरी, कुठे पट्टा नाही की ठिपका नाही, डोक्यावर तेवढा छोटासा तुरा. शास्त्रीय नावातल्या 'इनॉर्नेटस'चा अर्थच मुळी 'अलंकार नसलेला'.

मी फ्रीमाँटला राहते आणि शनिवारी सकाळी सुनोलच्या टेकड्यांवर चालायला जाते. पहिली दोन वर्षं मीही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग लक्षात आलं, की वाटेवरच्या एका वाकड्या ब्लू ओकच्या झाडापाशी जूनमध्ये जा नाहीतर डिसेंबरमध्ये, तोच आवाज येतो: 'त्सिका-डीर', शेवटी जरा खरखरता. याची जोडी एकदा जमली की सहसा जन्मभराची, आणि आपली हद्द ती बाराही महिने राखते. याच्या कुळातले बरेच पक्षी हिवाळ्यात थवे करून भटकतात, ही दोघं मात्र आपली झाडं सोडत नाहीत. परक्या मुलखात येऊन राहिलेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि काम करताना बघावं त्याला! फांदीला उलटा लटकून सालीतले किडे टिपतो. एकॉर्न, म्हणजे ओकचं टणक फळ, पायाखाली घट्ट धरून चोचीने असा ठोकतो, की मी कितीतरी दिवस सुतारपक्षी शोधत होते. घरटं ढोलीत, बरेचदा सुतारपक्ष्याने सोडलेल्या. मादी अंड्यांवर बसते तेव्हा नर तिला खाऊ आणून भरवतो. ढोलीत कुणी डोकावलं तर ती सापासारखी फुत्कारते.

मेक्सिकोतलं बाहा कॅलिफोर्निया आणि उत्तरेकडच्या ओरेगॉन राज्याचा दक्षिण भाग सोडला तर हा पक्षी जगात फक्त इथेच आहे. म्हणून अंगणातल्या ओकची वठलेली फांदी कुणी निव्वळ वाईट दिसते म्हणून कापायला निघालं, की मी मध्ये बोलतेच.

मागच्या हिवाळ्यातल्या वादळात त्या वाकड्या ओकची मोठी फांदी मोडली. पुढच्या शनिवारी धास्तावूनच गेले. बराच वेळ काही नाही. मग शेजारच्या झाडावरून आलं, 'त्सिका-डीर'.

तुम्ही येणार असाल तर मार्चमध्ये या, तेव्हा नर सकाळभर गात असतो.