निःपक्षपाती असणं म्हणजे कुणाचीच बाजू न घेणं का?

तुम्ही विचारलंय की निःपक्षपाती माणसाला स्वतःची बाजूच नसते का. रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव बाकीच्या उत्तरांत येईलच. मी आपलं मैदानातलं सांगतो. गेली बारा-तेरा वर्षं आमच्या भागातल्या कबड्डी स्पर्धांना मी पंच म्हणून उभा राहतो.

बाजू प्रत्येकाला असते. आपल्या गावचा संघ उतरला की पंचाच्याही पोटात कालवाकालव होते. मी काय देव नाही.

तीन वर्षांपूर्वी एका उपांत्य सामन्यात माझा सख्खा भाचा खेळत होता. आयोजकांना आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. ‘मी काय त्याला झुकतं माप देणार आहे?’ ही घमेंड. शेवटचं मिनिट, त्यांचा संघ एका गुणाने मागे, समोर सहा गडी. किमान सहा गडी समोर असले तरच बोनसचा जादा गुण मिळतो, म्हणून पोराने बोनसवरच डोळा ठेवला. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा हवेत, असं दोन्ही दिसावं लागतं. तो माझ्याच बाजूच्या कोपऱ्यात घुसला. धूळ उडाली. पलीकडच्या पंचाला मधल्या गड्यांमुळे काही दिसेना. सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, माझ्याकडे पाहिलं. मागचा पाय घासला, अशी मी खूण केली. बोनस गेला, सामनाही गेला.

लोक खूश! ‘मामा असून बघा!’ चहाच्या टपरीवर दोघांनी पाठ थोपटली, चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. मागचा पाय मला दिसलाच नव्हता. भाचा चढाईला निघाला तेव्हाच माझं ठरलं होतं की अटीतटीचं काही झालं तर ह्याला द्यायचं नाही, नाहीतर लोक बोलतील. तोच पाय समोरच्या संघातल्या पोराचा असता तर मी डोळे झाकून बोनस दिला असता. म्हणजे पक्षपात झालाच होता, फक्त तो भाच्याच्या नव्हे, माझ्या नावाच्या बाजूने. आपल्या माणसाला मुद्दाम कापणं हाही अन्यायच, पण त्याला टाळ्या मिळतात म्हणून तो ओळखू येत नाही.

क्रिकेटवाल्यांनी हे लवकर ओळखलं, असं म्हणवत नाही. कसोटीत वर्षानुवर्षं दोन्ही पंच यजमान देशाचेच असायचे. 1986 मध्ये पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला भारतातून पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी यांना बोलावलं. पाकिस्तानात भारतीय पंच, विचार करा! पुढे 1994 पासून एक पंच तिऱ्हाईत देशाचा आणि 2002 पासून दोन्ही, असा नियम आला. आधीचे सगळे पंच काही लबाड नव्हते. पण प्रामाणिक माणसालाही अशा कात्रीत उभं करू नये, एवढं त्यातून कळतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. निःपक्षपाती असलं की न्याय झालाच, असं नाही. एकदा मध्यंतराला बाजू बदलल्या आणि अवकाळी पाऊस आला. मैदानाच्या एका अर्ध्यात चिखल. नियम दोघांना सारखाच, आम्ही कुणाला काही जास्त दिलं नाही. पण एकाच संघाचे गडी पकड करताना घसरत होते. शेवटी सामना थांबवून लाकडाचा भुसा टाकला.

भाच्याने त्या बोनसचा विषय एकदाच काढला, दिवाळीत फराळाला बसलो होतो तेव्हा. ‘मामा, पाय खरंच घासला होता?’ म्हटलं, ‘मला दिसलाच नव्हता रे.’ तो काही बोलला नाही, हातातली चकली मोडत बसला. आता त्याचा संघ उतरणार असला की मी शिट्टी दुसऱ्याकडे देतो आणि प्रेक्षकांत बसून बिनधास्त त्याच्या नावाने ओरडतो.