ट्यूब आठ दिवसांत संपली कशी?

"ताई, मलम लावलं तं तोंड अजूनच खराब झालं. बंद करू का?" हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, बारावीतली एक मुलगी आईसोबत आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ती सोडली तेव्हा गाल लालबुंद, ओठांच्या कडेची सालं निघालेली. "हासलं तरी आग होते जी," ती म्हणाली. आईचं ठाम मत, औषध उलटलं.

चिठ्ठीवर ०.१ टक्का अ‍ॅडापालिन जेल होतं, रात्री लावायला. मुरुमांसाठी ते योग्यच औषध. ट्यूब दाखव म्हटलं, तर १५ ग्रॅमची ट्यूब आठ दिवसांत संपलेली! सकाळ-संध्याकाळ गोरं व्हायच्या क्रीमसारखी थापली होती. वरून लिंबू, आणि मग दिवसभर उन्हात वेचणी. शिवाय वहिनीही त्यातलंच लावायची. वहिनीला तिसरा महिना.

आधी वहिनीचं बोलले. हे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, म्हणून गरोदरपणात लावायचं नाही. त्वचेतून ते फार थोडं आत जातं, घाबरू नका. पण आजच बंद करा आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. आईचा चेहरा पडला. तिचा हात मी बराच वेळ धरून ठेवला.

मग मुलीसमोरच डॉक्टरांना फोन लावला. आग थांबेपर्यंत जेल बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर. नंतर दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री सुरू. सोसलं तर हळूहळू रोज. तिच्या बोटावर मी वाटाण्याएवढा थेंब काढून दाखवला. अख्ख्या चेहऱ्याला एवढाच. "एवढ्यानं काय होते?" तिला पटेना. पण हे औषध फक्त फोडावर लावायचं नसतं, बंद होणारी छिद्रं मोकळी ठेवायला सगळीकडे पातळ लावायचं असतं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर. डोळे, नाकपुड्यांच्या कडा, ओठ सोडून. लिंबू बंद. वेचणीला जाताना सनस्क्रीन आणि दुपट्टा.

सुरुवातीला थोडी कोरड, एखाददोन नवे फोडही येतात, आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. पोरी इथंच सोडतात. मग मैत्रिणीनं सांगितलेली, मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीम लावतात. चार दिवस चेहरा चकचकीत दिसतो, पुढं कातडी पातळ होऊन पुरळ दुप्पट. त्या क्रीमची मला खरंच भीती वाटते.

जानेवारीच्या शेवटी ती एकटीच आली, ओढणी खांद्यावर. कपाळ साफ, गालांवर डाग होते अजून. तिनं दप्तरातून दुसरी ट्यूब काढून माझ्या टेबलावर ठेवली. अर्ध्याहून जास्त भरलेली.