मुलीची खोली रिकामी आहे, वापरायची कशी?

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, त्याला वर्ष झालं. तिची खोली तशीच आहे. आईला तिथे शिवणकाम करायचंय, वडिलांना घरून काम करायला निवांत जागा हवीय, पण खोलीला हात लावायची वेळ आली की दोघांपैकी कुणीतरी मागे सरतं. दरम्यान रिकाम्या बॅगा, न वापरलेली व्यायामाची सायकल, इस्त्रीचे कपडे आणि जुन्या मॉनिटरचं खोकं तिथे मुक्कामाला आलंय. "खोली बदलली तर तिला वाटेल, या घरात आपली जागाच उरली नाही," अशी आईला भीती. वडील म्हणतात, "सामान हलवायचं म्हणजे ती आता परत राहायला येणार नाही, हे मान्य करायचं." पन्नाशीतलं हे जोडपं समुपदेशनाला आलं होतं रोजच्या कुरबुरींमुळे. खोलीचा विषय नंतर निघाला आणि बऱ्याच कुरबुरींचं मूळ तिथे सापडलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी बहुतेक घरांत आधी कल्पना सुचतात. अभ्यासिका करू, पाहुण्यांची खोली करू, व्यायामाची करू. मग फर्निचर येतं आणि काही महिन्यांत त्यावर कपड्यांचे ढीग चढतात. ज्या कामाची घरात खरोखर अडचण होत नव्हती, त्यासाठी केलेली खोली कुणी वापरत नाही.

म्हणून या दोघांना आधी चौदा दिवस एक वही ठेवायला सांगितली. घरात कुठलं काम कुठे अडतं, तेवढंच लिहायचं: वेळ, जागा, अडचण. नोंदी बोलक्या निघाल्या. संध्याकाळी वडिलांचे ऑफिसचे कॉल जेवणाच्या टेबलावर चालत आणि जेवण लांबे. शिलाई मशीन दर वेळी कपाटातून काढायचं, टेबलावर मांडायचं, पुन्हा आत ठेवायचं. या उचलाठेवीमुळे आईचं अर्धं शिवण तसंच पडून राही. पाहुण्यांचा उल्लेख दोन आठवड्यांत एकदाही नव्हता. वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा मुक्कामी पाहुणे जेमतेम आठ-दहा रात्री आले होते.

पाहुण्यांसाठी डबल बेड ठेवावा का, हा वाद त्या हिशेबाने मिटला. खोली १० बाय ११ फुटांची, म्हणजे ११० चौरस फूट. ६ बाय साडेसहा फुटांचा पलंग ३९ चौरस फूट खातो. एका बाजूने आणि पायथ्याशी चालायला दोन-दोन फूट सोडले की ६८ चौरस फूट, म्हणजे निम्म्याहून जास्त खोली गेली. आठ-दहा रात्रींसाठी वर्षभर एवढी जागा अडवणं कोणत्याच घराला परवडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुलीशी बोलणं हा सर्वांत नाजूक भाग. "तुझी खोली बदलू का?" असं विचारू नये. मुलं "करा काहीही" म्हणतात आणि पुढच्या सुट्टीत आल्यावर गप्प होतात. त्याऐवजी तीन नेमके प्रश्न विचारायचे: कोणत्या वस्तू इथेच राहायला हव्यात? कोणत्या तुझ्याकडे पाठवू? आलीस की कुठे झोपायला आवडेल? या मुलीने पुस्तकांचा एक कप्पा, शाळेच्या वह्यांचं एक खोकं आणि खिडकीजवळचा पलंग एवढंच मागितलं. बाकीच्या वस्तू तिने व्हिडिओ कॉलवर स्वतः निवडल्या. आईवडिलांनी परस्पर काही टाकायचं नाही, हा नियम पाळला गेला. वडिलांचा विरोध त्या कॉलनंतर बराच निवळला, कारण निर्णय त्यांच्या एकट्यावर राहिला नाही.

मग खरेदीआधी चाचणी. जमिनीवर रंगकामाची चिकटपट्टी लावून प्रत्येक वस्तूची जागा आखली आणि घरातलीच जुनी टेबलं मांडून दोन आठवडे काम केलं. कागदावर न दिसलेल्या दोन चुका लगेच कळल्या. वडिलांच्या पाठीमागे खिडकी येत होती, त्यामुळे स्क्रीनवर उजेड चमके आणि कॉलवर चेहरा काळा दिसे. टेबल काटकोनात वळवून खिडकी बाजूला घेतली. दुसरं म्हणजे पलंगाखालचे खण बाहेर ओढायला पुढे दोन फूट मोकळे लागतात, आणि तिथेच शिवणाचं टेबल आलं होतं.

शेवटी मांडणी ठरली ती अशी. खिडकीला धरून भिंतीलगत ३ फूट रुंदीचा, खाली खण असलेला पलंग. दिवसा तो बसायला, सुट्टीत मुलीला. शिवणाचं टेबल ४ बाय २ फूट, उजेड डावीकडून येईल असं, कारण मशीनचा डोलारा सुईच्या उजवीकडे असतो आणि उजव्या बाजूच्या उजेडात सुईवर त्याची सावली पडते. मशीनखाली रबराची चटई, म्हणजे थरथर जमिनीत कमी उतरते. वडिलांसाठी भिंतीला घडी होणारं टेबल, २ फूट खोल, जमिनीपासून साधारण २९ इंचांवर. असं टेबल नुसत्या गिलाव्यावर टिकत नाही. बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसा आत जायला हवा. पुस्तकांच्या फळ्या तीन फुटांपेक्षा लांब नकोत, नाहीतर मध्ये झोल येतो.

वर्षभर बंद राहिलेल्या खोलीत कोंदट वास होता आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी. ओल कुठून येते हे शोधून ती आधी थांबवली, मगच रंग दिला. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलं. आता खिडकी रोज थोडा वेळ उघडी असते. पुस्तकं प्लास्टिकच्या डब्यात भरायची तर ती पूर्ण कोरडी हवीत. दमट पुस्तकं बंद डब्यात लवकर खराब होतात.

दोघांची एक खोली म्हणजे वेळा ठरवणं आलं. शिवण सकाळी, कॉल संध्याकाळी सहानंतर. आणि एक लेखी नियम: "तात्पुरतं" म्हणून आत येणाऱ्या वस्तूवर तारखेची चिठ्ठी हवी. महिन्यात ती हलली नाही, तर जिने ठेवली त्या व्यक्तीने तिची सोय लावायची. व्यायामाची सायकल याच नियमाने घराबाहेर गेली.

खोली घरातल्या कुणाच्या मृत्यूमुळे रिकामी झाली असेल, तर मात्र हा क्रम तसाच वापरू नये. तिथे वही आणि मोजमापं थांबू शकतात. औषधं आणि आजारपणातली उपकरणं आधी काढावीत, कपडे नंतर, हस्ताक्षरातले कागद आणि फोटो सर्वांत शेवटी. नातेवाइकांनी "आम्ही आवरून देतो" म्हणून एका दुपारी खोली मोकळी केली, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने एखादा शर्ट किंवा चष्मा शोधत राहिलेली माणसं समुपदेशनाला येतात. सर्वांत जवळच्या व्यक्तीने "आता हे घ्या" म्हटल्यावर एक खण उघडावा, आणि त्या दिवशी तेवढाच.