पगारातून कापलेला व्यवसाय कर नक्की जातो कुठे?

तुम्ही विचारलंय की पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजेच व्यवसाय कर) म्हणून कापतात, ते कशासाठी आणि हा कर रद्द का करत नाहीत. मी एका कारखान्यात पगारपत्रकं करतो, त्यामुळे फेब्रुवारीचा पगार झाला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच.

आधी आकड्यांचं बघू. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने २०० म्हटले की २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. बस, एवढंच.

कशासाठी, हे मात्र जरा सविस्तर सांगतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं सरकारी कामांवर होती. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमी योजनेची (रोहयो) कल्पना सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पण त्यासाठी पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. व्यवसाय करासोबत मोटारींवरचा आणि बागायती जमिनींवरचा जादा करही याच निधीसाठी होता, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. इतर राज्यांतही व्यवसाय कर आहे, पण आपल्याकडे तो या हमीसाठी आला.

मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातला. आमच्या आईने रोहयोवर पाझर तलावाची माती वाहिली आहे. खोदताना मध्ये मातीचा एक खुंट तसाच राखायचा. नंतर माप घ्यायला आलेला माणूस त्यावरून खोली ठरवायचा आणि त्यावर मजुरी निघायची. खुंट ढासळला की बायकांच्या पोटात गोळा यायचा. त्या मजुरीवर आमची घरं गाव न सोडता तगली. त्यामुळे ‘फुकट्यांना पोसतो’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. त्या पैशाचं काम व्हायचं, आणि त्याचं मापही घेतलं जायचं.

म्हणून कर रद्द करा, या मागणीशी मी सहमत नाही. केंद्राने २००५ मध्ये अख्ख्या देशासाठी असा कायदा केला, तेव्हा आपल्या योजनेची गरज संपली असं अनेकांना वाटलं. पण केंद्राची हमी होती वर्षाला १०० दिवसांची. त्यापुढे काम लागलं तर मजुरी राज्याने द्यायची, अशी महाराष्ट्राची तरतूद होती. दुष्काळी तालुक्यात १०० दिवस म्हणजे काय, ते तिथल्यांना विचारा.

माझी तक्रार वेगळीच आहे. दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला वर्षाला २,५०० भरावेच लागतात आणि महिना पाच लाख कमावणाराही तेवढेच भरतो. २,५०० ची ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीत ठरली, त्यानंतर हललेली नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ती वाढवायची शिफारस केली होती. महिलांना २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर सूट मिळाली, ते चांगलंच झालं. पण कमी पगाराच्या पुरुषांसाठी सूट मिळण्याची मर्यादा अजून ७,५०० वरच आहे. आमच्याकडचा बारा हजारांचा हेल्पर आणि मॅनेजर यांच्या स्लिपवर एकच आकडा टाकताना मला दर महिन्याला खटकतं. खालच्यांना सोडा, वरच्यांकडून जास्त घ्या.

आणि दुसरं म्हणजे हिशोब. कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून अर्थसंकल्पातल्या तरतुदीने रोहयोकडे वळतो. त्यामुळे जमा किती झाला आणि कामांवर किती लागला, हे सामान्य माणसाला सहज दिसत नाही. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे. तुमचे आमदार भेटले तर त्यांना एवढंच विचारा, की गेल्या वर्षी व्यवसाय कर किती जमला आणि त्यातून आपल्या जिल्ह्यात कोणती कामं निघाली.