हरिकेनची रेषा बघताना

हरिकेन कुठे जाईल याची संगणकाने काढलेली रेषा बघताना एका हवामान मॉडेलच्या एका रनवर, म्हणजे एका वेळच्या गणितावर, विसंबू नकोस. जीएफएस हे अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं. एका रनमध्ये हरिकेन फ्लोरिडावर, पुढच्यात भर समुद्रात, असं होतंच. आधी विचार, वादळाचं केंद्र नीट तयार झालंय का? नसेल तर पाच दिवसांपुढची रेषा मी तरी मनावर घेत नाही. मग वादळाला ढकलतंय कोण ते शोध: अटलांटिकवरचा उच्च दाबाचा पट्टा पश्चिमेला किती पसरलाय, आणि अमेरिकेवरून येणारी कमी दाबाची द्रोणी कधी पोचतेय. मॉडेलांचं भांडण बहुतेकदा या वेळेवरूनच असतं.

'युरोपियन मॉडेल म्हणेल तेच खरं' हेही डोक्यातून काढ. २०१२ मध्ये सँडी हे हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळणार हे त्याने आठवडाभर आधी दाखवलं, जीएफएस तेव्हा वादळ समुद्रात नेत होतं. तेव्हापासून हा भक्तिभाव जरा अतीच झालाय! त्यापेक्षा एन्सेम्बलच्या, म्हणजे सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून केलेल्या अनेक रनच्या, रेषा किती फाकल्यात ते बघ.

अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा शंकू, म्हणजे वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवणारा नकाशावरचा आकार, मात्र नीट समजून घे. केंद्र त्यात राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांशच असते, आणि पाऊस, वारा, समुद्राचं उधाण शंकूबाहेरही पोचतं.