सॅक्रोइलियाक सांध्याच्या (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांच्यामधला सांधा) जुन्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करावी की साधे उपचार चालू ठेवावेत?

आधी दुखणं खरंच त्या सांध्याचंच आहे का, हे पक्कं करा. कंबर, खुबा आणि हा सांधा यांचं दुखणं एकमेकांत इतकं मिसळतं की एमआरआयवरून नेहमी कळतंच असं नाही. डॉक्टर सांध्यावर ताण देणाऱ्या पाच चाचण्या करतात; त्यातल्या किमान तीन दुखल्या, की एक्स-रे किंवा सीटीच्या आधाराने सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. तेवढ्यापुरतं दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं, तर संशय बळावतो. ही पायरी गाळून कुणी थेट ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

त्यानंतर निदान सहा महिने व्यायाम, फिजिओथेरपी, पट्टा, गरजेपुरत्या गोळ्या. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम बहुधा काही आठवडे-महिने टिकतो. रेडिओफ्रीक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) संवेदना नेणाऱ्या नसा जाळल्या तर बरेचदा सहा महिने ते वर्षभर; नसा पुन्हा वाढतात, मग तेच परत करता येतं.

शस्त्रक्रियेत छोट्या छेदातून टायटॅनियमचे इम्प्लांट घालून सांधा जखडतात. अमेरिका आणि युरोपातल्या चाचण्यांत साध्या उपचारांपेक्षा तिचा निकाल बराच सरस दिसला, पण पैसा इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि आपल्यावर काय झालंय हे रुग्णांना ठाऊक होतं. 2024 मध्ये स्वीडन-नॉर्वेतून लुटुपुटूच्या ऑपरेशनशी (छेद दिला, पण इम्प्लांट घातलं नाही) केलेली तुलना प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणून मी तरी तिला शेवटचा पर्याय मानतो.

सकाळी बराच वेळ ताठरपणा राहत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. तो सांध्यांना सूज आणणारा संधिवात असू शकतो; तो आजार वेगळा, त्याची औषधंही वेगळी.